गच्चीवरचं सोलर: पॅनेल ठरले, तारा, अर्थिंग आणि पुराच्या पाण्याचं काय? (बडोदा)

कारेलीबागकर | १७ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घरावर सोलर बसवायचं नक्की झालंय. ५४० वॅटचे ६ पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि ३ किलोवॅटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलून वीज कंपनीच्या लाईनला जोडणारं यंत्र. पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान, त्यासाठी लागणारे देशी सेलचे पॅनेल, अर्ज, मंजुरी, सगळं मार्गी लागलंय. त्यामुळे कोणतं पॅनेल घ्यावं आणि पैसे किती वर्षांत वसूल होतील ही चर्चा कृपया इथे नको.

मला काळजी आहे ती विजेच्या कामाची. घर दुमजली आहे आणि विश्वामित्री फार लांब नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या पोर्चमध्ये माझ्या छातीपर्यंत पाणी होतं. मीटरची पेटी पूर्ण बुडाली होती. भिंतीवर मातकट रेघ अजून दिसते. आणि कंत्राटदार म्हणतोय की इन्व्हर्टर त्याच भिंतीवर, मीटरच्या बाजूला लावू, तार कमी लागेल. पाणी आलं तर काय, असं विचारलं तर म्हणाला, "काका, आयपी ६५ आहे, पाण्याने काही होत नाही." अर्थिंगचंही तेच. एकच खड्डा करू, सगळं त्यालाच जोडू, म्हणाला.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. तारांमधलं मला काही कळत नाही. पण घरात दोन नातवंडं आहेत आणि हे यंत्र पुढची वीस-पंचवीस वर्षं डोक्यावर राहणार आहे. जाणकारांनी जरा वेळ काढून सांगावं. गच्चीपासून मीटरपर्यंत तारेचा रस्ता साधारण २५ मीटर होतो.

जुना_फोरमन | १७ नोव्हेंबर, रात्री १०.५५

कारेलीबागकर, बरं झालं आधी विचारलंत. लोक पॅनेलच्या किमतीत हजार-हजार रुपयांची घासाघीस करतात आणि तारा, स्विच, अर्थिंग कंत्राटदारावर सोडून देतात. माझ्या पाहण्यात गच्चीवर जे काही जळालंय, ते जोडात आणि स्विचमध्ये जळालंय.

आधी आयपी ६५ चं बघू. यातला ६ म्हणजे आत धूळ जात नाही. ५ म्हणजे नळीने चारी बाजूंनी पाण्याचा फवारा मारला तरी चालतं. पाण्यात बुडवलं तर चालतं असा त्याचा अर्थ नाही, त्यासाठी आयपी ६७ लागतं. आणि तोही पत्करू नये, कारण तारा आत शिरतात तिथली बुचं, म्हणजे ग्लँड, कोणी किती आवळलेत यावर सगळं अवलंबून. तुमच्या पोर्चच्या भिंतीवर इन्व्हर्टर लावायचा नाही. कंत्राटदार रुसला तरी चालेल.

पुराच्या वेळचा खरा धोका वेगळाच आहे. भागाची लाईट बंद करतात, लोकांना वाटतं आता घरात वीजच नाही. पण पॅनेलला लाईटशी देणंघेणं नाही. ऊन आहे, नुसता ढगाळ उजेड असला तरी, तोवर पॅनेलकडून येणाऱ्या दोन तारांत व्होल्टेज असतंच. तुमचं एक पॅनेल उघड्या टोकांना साधारण ४९.५ व्होल्ट देईल. सहा ओळीने जोडले की २९७. थंडीत पॅनेल गार असतात तेव्हा व्होल्टेज चढतं, दर अंशाला पाव टक्क्याच्या जरा वर. म्हणजे जानेवारीतल्या सकाळी ८-१० अंशांना ते ३१० च्या घरात जातं. इन्व्हर्टरची मर्यादा सहसा ६०० असते, तेव्हा त्या बाजूने तुम्ही निर्धास्त राहा. पण ३०० व्होल्ट डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज) पोर्चमधल्या छातीभर पाण्यात उतरलेलं आहे हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

म्हणून इन्व्हर्टर वर घ्या. गच्चीच्या जिन्याची जी खोली असते तिच्यात, किंवा तिच्या उत्तरेकडच्या भिंतीला, वर पत्र्याची सावली करून. पश्चिमेच्या भिंतीवर नको. आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश होतात, त्यात भिंत तापलेली. आतून गरम झाला की इन्व्हर्टर स्वतःच वीज कमी करतो. बंद लोखंडी कपाटात तर मुळीच ठेवू नका, बाजूंनी आणि वरून हवा खेळली पाहिजे.

वर घेतल्याने डीसीच्या तारा गच्चीवरच संपतात, घरातून खाली जाते ती फक्त एसी, म्हणजे घरातली नेहमीची वीज. लाईट गेली किंवा तुम्ही खालचा स्विच पाडला की तीही मरते. नातवंडांच्या दृष्टीनेही हेच बरं.

अर्थिंगवर उद्या लिहितो, तो विषय मोठा आहे.

अकोट्याहून | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

फोरमन काकांचं शब्दशः खरं आहे. २०२४ ला आमच्या शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर तळमजल्यावर होता. पाणी ओसरल्यावर बाहेरून कोरडा ठणठणीत दिसत होता, काचेच्या पडद्यामागे मात्र पाण्याची रेघ. त्यांनी सुरू करून बघायचं ठरवलं होतं. माझ्या भावाने हात धरला म्हणून थांबले. उघडल्यावर सर्किटवर गाळाचा थर होता. ज्यांच्याकडे आधीच खाली बसवलेला आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवा: पाणी अंगणात असतानाच आधी एसीचा स्विच पाडा, मग डीसीचा. पाणी स्विचपर्यंत पोचलं असेल तर त्या भिंतीकडे जाऊच नका.

मांजलपूरची_ताई | १८ नोव्हेंबर, दुपारी १.३०

फोरमन काकांनी जोडांचा उल्लेख केलाय म्हणून माझा अनुभव सांगते.

आमचं सोलर २०१९ च्या सूर्य गुजरात योजनेतलं. पहिली चार वर्षं काही त्रास नाही. मग एका पावसाळ्यात रोज सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि "आयसोलेशन फॉल्ट", म्हणजे कुठेतरी वीज जमिनीकडे गळतेय. अकराच्या सुमाराला आपोआप सुरू व्हायचा. ज्या दिवशी दिवसभर रिपरिप असे त्या दिवशी सुरूच व्हायचा नाही. बसवणाऱ्याला फोन केला. "पावसाळ्यात होतं असं ताई, दमट हवा असते, राहू द्या." दोन पावसाळे राहू दिलं.

तिसऱ्या वर्षी माझ्या मुलाने हट्ट धरला की आपण बघू तरी. सकाळी सहाला, पाऊस थांबल्यावर, टॉर्च घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. कशालाही हात लावायचा नाही असं आधीच ठरवलं होतं. पॅनेलच्या मागच्या रांगेत वाकून पाहिलं तर प्लास्टिकची एक पट्टी उन्हाने तुटलेली, आणि तिने बांधलेला तारेचा जोड खाली लोंबून कठड्याच्या कोपऱ्यातल्या डबक्यात पडलेला. डबक्यात पिंपळाची पानं, मागच्या उत्तरायणातल्या मांज्याचा गुंता, आणि त्यात तो काळा जोड अर्धा बुडालेला. जोडाचे दोन्ही भाग एका बनावटीचे नव्हते, ते तेव्हाही दिसत होतं. एकाची कडा गोल, दुसऱ्याची चौकोनी, मध्ये नखभर फट.

दुसरा माणूस आणला. त्याने एसी पाडला, डीसी पाडला, चिमटा-मीटर लावून तारेत करंट शून्य आहे हे बघितलं, आणि मगच जोड सोडला. आत तांबं हिरवंगार झालं होतं. एक पिन काळी पडून तिच्या भोवतीचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. म्हणजे नुसता पाण्याचा प्रश्न नव्हता, आगीपर्यंत गेलं असतं.

मला अजून वाईट वाटतं ते त्या दोन पावसाळ्यांचं. यंत्र रोज सकाळी सांगत होतं आणि आम्ही ऐकलं नाही.

जुना_फोरमन | १८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

ताई, तुमची ही पोस्ट प्रत्येक सोलरवाल्याने वाचावी. आणि तुम्ही हात लावला नाहीत हे सर्वांत चांगलं केलंत.

आत काय घडत होतं ते सांगतो. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जाते. स्विच पाडताना ठिणगी पडली तरी त्या शून्यावर ती विझते. डीसीत शून्य येतच नाही. एकदा ज्योत धरली की ती ताणली जाते, तापते, प्लास्टिक जाळते, आणि ऊन आहे तोवर तिला खाद्य मिळत राहतं. म्हणून चालू सोलरचा जोड कधीही ओढून काढायचा नाही. कंत्राटदार पैसे वाचवायला डीसीच्या पेटीत साधी एसीची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवतात, ती त्याच कारणाने चालत नाही. डीसीची एमसीबी घेतली तरी तिच्यावर अधिक-उणेच्या खुणा आहेत का बघा. काही डीसी एमसीबी एकाच दिशेने काम करतात, उलट्या जोडल्या तर ऐन वेळी ज्योत विझत नाही, एमसीबीच पेटते. मी शक्यतो फिरवायचा डीसी आयसोलेटर, म्हणजे लाईन तोडायचा स्विच, लावा म्हणतो.

जोडांबाबत हट्ट धरायचा तो असा. नर आणि मादी एकाच कंपनीची, एकाच मालिकेतली. "सगळे एकमेकांत बसतात" हे ऐकून घेऊ नका. बसतात, पण आतल्या पिनांचं माप आणि धातूचा मुलामा वेगळा असतो. पिन दाबायला त्याचं स्वतःचं क्रिम्पिंगचं हत्यार लागतं. पक्कडीने दाबलेली पिन पहिल्या वर्षी चालते आणि पाचव्या वर्षी तापते. तार ४ स्क्वेअर एमएमची, कल्हई केलेल्या तांब्याची, सोलरचीच. तिचं आवरण उन्हाला टिकतं, घरगुती तारेचं टिकत नाही. तारा पट्टीने पॅनेलच्या चौकटीला वर बांधायच्या, आणि पट्टी स्टीलची. गच्चीच्या फरशीवर एकही जोड टेकलेला नको.

ताई, तेव्हा घरातली आरसीसीबीपण (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) उडत होती का?

मांजलपूरची_ताई | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

हो काका! आठवड्यातून एकदोनदा, तीही पावसातच. जोड बदलल्यावर कमी झालं पण पूर्ण थांबलं नाही.

जुना_फोरमन | १८ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मग तुमची सोलरची लाईन घराच्या आरसीसीबीच्या पलीकडे, घराच्या बाजूला जोडलेली असणार. हल्लीच्या इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. पॅनेल ओले झाले की काच, सेल आणि चौकट मिळून एक मोठा कपॅसिटर होतो आणि थोडा करंट जमिनीकडे झिरपतो. त्यात काही बिघाड नाही. पण ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढाही पुष्कळ होतो. सोलरची एसी लाईन घराच्या आरसीसीबीच्या आधी, मुख्य स्विचवर, तिच्या स्वतःच्या एमसीबीतून यायला हवी. त्या लाईनला वेगळी आरसीसीबी लावायची तर इन्व्हर्टरच्या पुस्तकात जो प्रकार आणि जो आकडा दिलाय तोच. बरेच जण १०० मिलिअँपिअर सांगतात. घरातल्या माणसांसाठी असलेली ३० ची मात्र काढू नका, तिला हात लावायचा नाही.

नवी_भरती | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे आधीपासून बॅटरीवाला घरगुती इन्व्हर्टर आहे. सोलर लागल्यावर लाईट गेली तर दिवसा पंखे-फ्रिज सोलरवर चालतील ना? विकायला आलेला माणूस हो म्हणाला.

रिले_टेस्टर | १९ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

नाही चालणार. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की दोन सेकंदांच्या आत थांबलाच पाहिजे, तसा नियमच आहे. कल्पना करा, खांबावर वायरमन चढलाय, त्याने लाईन बंद केली आहे, आणि तुमच्या गच्चीवरून उलटी वीज त्याच्या हातात जातेय. तेवढ्यासाठी ही व्यवस्था. लाईट परत आल्यावरही इन्व्हर्टर निदान एक मिनिट व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी स्थिर आहे का बघतो, मग सुरू होतो. ते एक मिनिट म्हणजे बिघाड समजू नका.

आणि एक चूक कुणी करायला सांगितली तरी करू नका. काही वायरमन सोलरची एसी तार घरगुती इन्व्हर्टरच्या आउटपुटवर जोडून देतात, "म्हणजे लाईट गेली तरी सोलर चालेल". लाईट गेल्यावर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर त्या बॅटरीच्या इन्व्हर्टरलाच ग्रिड समजतो आणि घरात न खपलेली वीज त्याच्यात उलटी ढकलतो. तो उलट्या विजेसाठी बनवलेलाच नाही. सोसायटीच्या जनरेटरलाही हेच लागू, जनरेटरवर असताना सोलर बाजूला राहील अशी चेंजओव्हरची सोय हवी.

लाईट गेल्यावर सोलर हवंच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी. तिथे फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय असा निकडीचा भार वेगळ्या डीबीवर (स्विचांच्या पेटीवर) काढावा लागतो, आणि त्या डीबीचा न्यूट्रलही वेगळा. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकत्र वळलेले असतात, तिथेच काम अडतं. रावपुऱ्यातल्या एका वाड्यात तेवढ्या न्यूट्रल सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले होते.

वाघोडिया_रोड | २० नोव्हेंबर, रात्री ८.३०

धागा वर आलाच आहे तर माझंही गाऱ्हाणं. ५ किलोवॅट, सिंगल फेज, गेल्या दिवाळीत बसवलं. होळीच्या सुमाराला कडक ऊन पडायला लागलं तसं बरोबर दुपारी बारा ते दोन इन्व्हर्टर बंद पडू लागला. मिनिटभराने सुरू, पाच मिनिटं चालतो, परत बंद. रविवारी सर्वांत जास्त. मे महिन्यात मात्र ठीक होता! आता थंडी सुरू झाल्यावर पुन्हा तेच. पडद्यावर "ग्रिड ओव्हरव्होल्टेज" येतं. बसवणारा म्हणतो वरून व्होल्टेज जास्त येतंय, मी काय करू. वर्षभर असंच चाललंय, उन्हाची ऐन कमाई जातेय.

रिले_टेस्टर | २० नोव्हेंबर, रात्री ९.००

इन्व्हर्टरची वरची मर्यादा किती लावलीय? इन्व्हर्टर ते मीटर तार किती लांब आणि किती जाड? आणि रविवारी दुपारी दोन मल्टिमीटर घेऊन एकाच वेळी दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. एक जण इन्व्हर्टरच्या एसी पेटीत, एक जण खाली मीटरशेजारच्या मुख्य स्विचवर. फोनवर बोलत बोलत. स्वतः पेट्या उघडू नका, वायरमनला बोलवा.

वाघोडिया_रोड | २३ नोव्हेंबर, दुपारी २.५०

मोजलं. मर्यादा २५३ व्होल्ट. तार ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, जिन्यातून वळसा घेऊन ४० मीटर. १२.२० ला खाली २४७, वर २५४, आणि माझ्या डोळ्यांदेखत इन्व्हर्टर थांबला. थांबल्यावर वर आणि खाली दोन्हीकडे २४६!

रिले_टेस्टर | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१५

सापडलं. वरून येणारं व्होल्टेज मर्यादेच्या आत आहे, बाकीचं तुमच्या तारेत चढतंय.

पाणी उताराकडे जातं तसं समजा. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर त्याचं व्होल्टेज मीटरपेक्षा जास्त असावं लागतं. किती जास्त, ते तारेच्या रोधावर. ४ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ४.६ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे ०.३७ ओहम. ५ किलोवॅटला २० अँपिअर. गुणाकार करा, ७.४ व्होल्ट. तुम्ही मोजलेला फरक हाच आहे.

४ स्क्वेअर एमएमला २० अँपिअर झेपतात, तार तापत नाही, म्हणून बसवणाऱ्याला त्यात चूक दिसली नाही. घराच्या वायरिंगला तो हिशेब चालतो. सोलरला तार तापते का एवढं पाहून भागत नाही, व्होल्टेज किती चढतं तेही मोजावं लागतं. १० स्क्वेअर एमएम टाका, तिचा रोध १.८३ आहे, फरक तीन व्होल्टच्या आत येईल. २४७ वर जेमतेम २५०.

रविवारी जास्त, कारण आजूबाजूची दुकानं-ऑफिसं बंद, वीज खेचणारं कुणी नाही. मे महिन्यात सगळ्यांचे एअर कंडिशनर चालू, व्होल्टेज आपोआप खाली, शिवाय तापलेले पॅनेल वीजही कमी देतात.

तार बदलूनही खालीच २५० च्या वर दिसायला लागलं तर मात्र वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या, वेळ आणि आकडे लिहून. एकाच ट्रान्सफॉर्मरवर पुष्कळ सोलर झालं की टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची ट्रान्सफॉर्मरमधली जोडणी) बदलून घ्यावा लागतो, तो त्यांचा अधिकार. इन्व्हर्टरमधली मर्यादा स्वतः वाढवून घेऊ नका. तुमच्याच घरातले बल्ब आणि फ्रिज ते व्होल्टेज सोसतात.

कारेलीबागकर | २३ नोव्हेंबर, रात्री ८.००

हे वाचून मला एक शंका आली. इन्व्हर्टर वर घेतला की माझीही एसी तार २५ मीटर लांब होणार. मग?

रिले_टेस्टर | २३ नोव्हेंबर, रात्री ८.२५

काका, तुमचे ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. ४ स्क्वेअर एमएमने ३ व्होल्ट चढतील, ६ ने २. सहाची टाका. दोन-अडीच हजारांचा फरक असेल, पण नंतर भिंत फोडायला नको.

जुना_फोरमन | २४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

अर्थिंगचं राहिलं होतं. तीन खड्डे हवेत, एकमेकांपासून निदान इलेक्ट्रोडच्या लांबीइतके दूर. एक पॅनेलच्या चौकटी आणि सांगाड्यासाठी, एक इन्व्हर्टर आणि एसी पेटीसाठी, एक वीज पडली तर ती नेणाऱ्या अरेस्टरसाठी. प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या खाली, आणि तो कंत्राटदाराने तुमच्यासमोर अर्थ टेस्टरने मोजून कागदावर लिहून द्यायचा. आपल्या कानम भागातली काळी माती उन्हाळ्यात हात-हात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते आणि पावसाळ्यात २ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात १० दाखवतो. म्हणून भोवती बेन्टोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरून घ्या आणि मोजणी मे महिन्यात परत करा.

सांगाड्याला पट्टी जोडली म्हणजे पॅनेल अर्थ झाले असं नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. मी कंत्राटदारांच्या पोरांना मल्टिमीटर देऊन दाखवतो. दोन्ही टोकं चौकटीवर अलगद टेकवा, मीटर मख्ख. तिथेच टोक जरा खरवडा, लगेच बीप. तेव्हा प्रत्येक चौकटीला तो थर फोडणारी दातेरी वॉशर किंवा अर्थिंग क्लिप हवी. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमवर आवळू नका, पावसाळ्यात तो जोड खाल्ला जातो. मध्ये कल्हई केलेलं लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, घ्या.

रिले_टेस्टर | २४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

काका, तुमचा पूर्ण मान ठेवून एका ठिकाणी असहमत आहे. तीन खड्डे करा, जरूर. पण ते एकमेकांपासून तोडून ठेवू नका. अरेस्टरवर वीज पडली, समजा २०,००० अँपिअर, आणि त्याचा खड्डा ५ ओहमचा. क्षणभर तिथे १ लाख व्होल्ट. शेजारच्या खड्ड्यावर जवळपास शून्य. हा सगळा फरक इन्व्हर्टरच्या आत, डीसी आणि एसीच्या मध्ये येऊन उभा राहतो. तिन्ही जमिनीखाली पट्टीने जोडलेले असले तर सगळं एकदम वर जातं, एकदम खाली येतं. वीज संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक ६२३०५ हेच सांगतं.

जुना_फोरमन | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

रात्री यावर बराच विचार केला. आमच्या काळी अरेस्टरचा खड्डा वेगळा म्हणजे वेगळाच, अशी शिकवण होती. पण तुमचा हिशेब बरोबर आहे आणि मला तो खोडता येत नाही. मग असं करा: तपासणीच्या कागदासाठी तीन खड्डे आहेतच, तिन्ही मोजून घ्या, मोजणी झाल्यावर जमिनीखाली पट्टीने जोडा. वर मात्र अरेस्टरची पट्टी बाहेरच्या भिंतीवरून सरळ खाली, डीसी तारांच्या पाइपपासून दूर. हे मान्य?

रिले_टेस्टर | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

शंभर टक्के. आणि डीसीच्या अधिक-उणे तारा एकाच पाइपमधून, अंगाला अंग लावून न्याव्यात. एक पॅनेलच्या या टोकाने आणि एक त्या टोकाने नेली की मध्ये मोठा फास तयार होतो, आणि जवळपास कुठे वीज पडली तरी त्यात उसळी येते. एसपीडी (व्होल्टेजची अशी उसळी जमिनीत वळवणारी पेटी) दोन्ही बाजूंना हवेत, डीसीला आणि एसीला. त्यांची अर्थची तार अर्ध्या मीटरच्या आत आणि सरळ. लोक उरलेली तार पेटीत गुंडाळून ठेवतात, त्या वेटोळ्याने एसपीडीचा अर्धा उपयोग जातो.

दांडिया_बाजार | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

काम उत्तरायणाच्या आधी की नंतर? शक्य असेल तर नंतर ठेवा. १४-१५ जानेवारीला अगाशीवर अख्खं गाव असतं. गेल्या वर्षी आमच्या अरेस्टरच्या दांड्यावर नऊ पतंग लटकले होते. पोरं मांजा ओढायला पॅनेलवर चढायला निघाली, मी खाली उभा राहून ओरडत होतो. पॅनेलची काच वरून फुटलेली दिसत नाही, पण आतला सेल तडकतो, आणि काचेला किंवा मागच्या थराला चीर गेली असेल तर पाणी शिरतं आणि मग ताईंसारखा आयसोलेशन फॉल्ट येतो. तारा उघड्यावर ठेवू नका, पाइपात किंवा झाकणाच्या ट्रेमध्ये घ्या. काच लावलेला मांजा तारेवरून दहा वेळा घासला तर आवरण कापतो. सणाच्या दिवशी आम्ही पॅनेलभोवती दोरी बांधतो आणि एक मोठं माणूस तिथेच खुर्ची टाकून बसतं.

नवी_भरती | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

खारींचंही बघा. आमच्या शेजारी खारीने तार कुरतडली होती. पॅनेलच्या कडेने जाळी लावून घेतली, कबुतरंही थांबली.

वाघोडिया_रोड | २१ डिसेंबर, दुपारी ३.३०

१० स्क्वेअर एमएम टाकली. आज रविवार, कडक ऊन. खाली २४७, वर २५०. सकाळपासून एकदाही बंद पडला नाही. वर्षभर मी वीज कंपनीला दोष देत होतो. रिले_टेस्टर भाऊ, मनापासून आभार.

कारेलीबागकर | ३१ जानेवारी, रात्री ९.०५

मंडळी, दांडिया_बाजारांचं ऐकून उत्तरायण झाल्यावर काम सुरू केलं. आज पूर्ण झालं.

इन्व्हर्टर जिन्याच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला. त्याच्या शेजारी फिरवायचा डीसी आयसोलेटर. एसी तार ६ स्क्वेअर एमएम. खालचा एसी आयसोलेटर पुराच्या मातकट रेघेच्या तीन फूट वर घेतला, त्यासाठी कंत्राटदाराशी अर्धा तास वाद झाला. एसपीडीची तार त्याने गुंडाळली होती, ती माझ्यासमोर कापून आखूड करायला लावली. एसपीडीच्या खिडकीत हिरवं दिसतंय. ते लाल झालं की बदलायचं, हे घरात सगळ्यांना दाखवून ठेवलंय.

अर्थ मोजताना मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. २.६, ३.१ आणि अरेस्टरचा ४.४ ओहम. मग तिन्ही जोडले. चौकटीवर मल्टिमीटरची ती परीक्षापण करायला लावली. सहापैकी एका चौकटीवर बीप आली नाही, तिथली वॉशर उलटी बसली होती. सकाळी साडेनऊला सहा पॅनेलचं मिळून २८९ व्होल्ट भरलं. फोरमन काका, तुम्ही सांगितलेल्या हिशेबात हे बसतं ना? पॅनेल कोवळ्या उन्हाने नुकतेच तापायला लागले होते.

कंत्राटदार म्हणत होता आत्ताच सुरू करून देतो, मीटर येईल तेव्हा येईल. करू का?

जुना_फोरमन | ३१ जानेवारी, रात्री ९.३०

२८९ अगदी बरोबर. त्या वेळी पॅनेल ३५ अंशांच्या आसपास असणार.

सुरू करू नका. दुतर्फा मीटर लागेपर्यंत थांबा. एक तर परवानगी नाही. दुसरं, जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी बरेच वीज कोणत्या दिशेने गेली हे बघत नाहीत, बाहेर गेलेलीही आत आली म्हणूनच मोजतात. तुम्ही दिवसभर वीज द्याल आणि दोन महिन्यांच्या बिलात तिचेच पैसे भराल.

कारेलीबागकर | ३१ जानेवारी, रात्री ९.४०

बरं झालं विचारलं. दोन्ही आयसोलेटर बंद करून खालच्याला कुलूप लावलंय, किल्ली माझ्याकडे आहे. मीटर बदलायला सोमवारी येणार आहेत.

मांजलपूरची_ताई | ३१ जानेवारी, रात्री १०.००

काका, पहिल्या पावसानंतर सकाळी एकदा टॉर्च घेऊन वर जाऊन या.

कारेलीबागकर | ३१ जानेवारी, रात्री १०.०५

जाणार ताई. जूनच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.